दृष्टीसमोरचे अदृश्य

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडत असते. हरवलेली वस्तू शोधणाऱ्याची थट्टा करण्यासाठी ती वापरतात, आणि त्या थट्टेमागे एक पक्की समजूत असते. डोळे उघडे असले, उजेड पुरेसा असला आणि वस्तू समोर असली, म्हणजे ती दिसलीच पाहिजे, अशी ती समजूत. न दिसली तर दोष पाहणाराचा. तो वेंधळा तरी असला पाहिजे, आळशी तरी असला पाहिजे, नाही तर खोटे तरी बोलत असला पाहिजे! गेल्या पाऊणशे वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी ही समजूत प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहिली, आणि ती बऱ्याच अंशी चुकीची ठरली. उघड्या डोळ्यांसमोरची, चांगली ठळक वस्तू न दिसणे ही मनुष्याच्या दृष्टीची नेहमीची रीत आहे. आणि ज्या कारणांमुळे माणूस उत्तम शोध घेऊ शकतो, त्याच कारणांमुळे ती घडते.

सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसलेल्या गृहिणीचे उदाहरण घ्यावे. बोटांनी दाणे पुढे सारीत ती खडे भराभर वेचून काढते. पांढरा खडा रंगाने आणि आकाराने तांदळाच्या दाण्याशी मिळताजुळता असतो, तरी तो तिच्या नजरेतून सुटत नाही. परंतु त्याच सुपात एखादा काचेचा बारीक तुकडा आला, तर तो निसटून जाण्याचा संभव पुष्कळच असतो. तिचे डोळे अधू झालेले नसतात, की तिने कामात हयगय केलेली नसते. ती खडे शोधीत होती. काच शोधीत नव्हती. या एका साध्या वाक्यात ह्या विषयाचे बरेचसे सार आले आहे. मात्र ते नीट उमगण्यासाठी आधी डोळा काय करतो आणि मन काय करते, हे वेगवेगळे पाहावे लागेल.

डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशी करण्याचा प्रघात आहे, पण ती तुलना फार दूरवर जात नाही. कॅमेऱ्याच्या फिल्मवर सगळे चित्र सारखेच स्पष्ट उमटते. नेत्रपटलाचे तसे नाही. त्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा एक लहानसा भाग आहे. त्याच्याही अगदी केंद्रस्थानी असलेल्या खळगीत तेवढी बारीक तपशील टिपण्याची खरी शक्ती असते. हात लांब करून अंगठा धरला, तर अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा झाकली जाईल, सुमारे तेवढीच जागा एका क्षणी आपणांस पूर्ण स्पष्ट दिसत असते. बाकीचे सगळे दृश्य कमीअधिक धूसर असते. हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण डोळा स्थिर बसत नाही. तो एका सेकंदात तीन-चार वेळा जागा बदलतो आणि जिकडे वळतो तिकडचे स्पष्ट दिसते. अशा तुकड्या-तुकड्यांमधून मन एक अखंड चित्र रचते, आणि ते चित्र सारेच्या सारे आपण एकदम पाहिले असा भास होतो.

तेव्हा एखादी वस्तू न दिसण्याचे पहिले कारण अगदी सरळ आहे : नजर तिच्यावर पडलीच नाही. परंतु नजर पडली म्हणजे वस्तू दिसली, असेही नाही. हेल्महोल्ट्झ या थोर जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच याचा एक मार्मिक प्रयोग केला होता. एका अंधाऱ्या पेटीत त्याने छापील अक्षरे ठेवली. नजर मधल्या एका बिंदूवर खिळवून ठेवली, आणि विजेच्या ठिणगीने क्षणभर उजेड पाडला. तेवढ्या अवधीत डोळा हलणे शक्यच नव्हते. तरीसुद्धा त्याने ज्या बाजूला लक्ष द्यायचे म्हणून आधी मनाशी ठरविले असेल, त्या बाजूची अक्षरे त्याला वाचता येत, आणि इतर बाजूंची येत नसत. नजर आणि लक्ष ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. नजर एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे असू शकते. आणि जाणीव बव्हंशी लक्षाच्या मागे जाते.

आपल्या देशातील विचारवंतांना ही गोष्ट अपरिचित नव्हती. मन अन्यत्र गेले असता समोरचे दिसत नाही आणि बोललेले ऐकू येत नाही, हा अनुभव बृहदारण्यकोपनिषदात मनाच्या अस्तित्वाची खूण म्हणून सांगितला आहे. न्यायदर्शनात तर याहून पुढचे पाऊल टाकले आहे. पाचही इंद्रियांचा आपापल्या विषयांशी एकाच वेळी संबंध येत असूनही त्या सर्वांची ज्ञाने एकदम होत नाहीत, यावरून मन नावाचे एक स्वतंत्र आणि अणुरूप साधन मानलेच पाहिजे, असा नैयायिकांचा युक्तिवाद आहे. आधुनिक मानसशास्त्र मनाला अणू म्हणत नाही. परंतु अवधानाचा पुरवठा तुटपुंजा आहे, ही नैयायिकांनी हेरलेली गोष्ट प्रयोगशाळांतून पुन्हा पुन्हा प्रत्ययाला आली आहे.

महाभारतातील द्रोणाचार्यांच्या परीक्षेची कथा तर घरोघरी माहीत आहे. वृक्षावर ठेवलेल्या पक्ष्याखेरीज इतर शिष्यांना झाड दिसत होते, गुरू दिसत होते, भाऊ दिसत होते. अर्जुनाला मात्र लक्ष्यावाचून काहीच दिसत नव्हते. ही कथा एकाग्रतेची थोरवी सांगण्यासाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू क्वचितच कोणी पाहतो. अर्जुनाला झाड दिसत नव्हते, हे त्याच्या नेमबाजीचे मोल होते. त्या क्षणी झाडाच्या फांदीवर एखादा सर्प असता, तर तो युधिष्ठिराला दिसला असता, अर्जुनाला दिसला नसता. एकाग्रता म्हणजे काही गोष्टींकडे पाहणे आणि त्यासाठी बाकीच्या गोष्टींकडे न पाहणे. हे दुसरे अंग टाळून पहिले मिळविता येत नाही.

या दुसऱ्या अंगाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. अमेरिकेत उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली एका पडद्यावर दोन चित्रपट एकावर एक पाडून दाखविले. प्रेक्षकांनी एकाच चित्रपटातील खेळाकडे लक्ष द्यावयाचे होते. दुसऱ्या चित्रपटात काही चमत्कारिक घटना घडल्या, तरी त्या बहुतेकांच्या ध्यानात आल्या नाहीत. पुढच्या एका प्रयोगात चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंमधून छत्री घेतलेली एक स्त्री चालत गेली. तीही बहुतेक प्रेक्षकांना दिसली नाही.

एरियन मॅक आणि आयर्विन रॉक या दोघांनी १९९८ साली आपल्या संशोधनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ह्या प्रकाराला नाव दिले. त्या नावाचा मराठीत अर्थ ‘अनवधानजन्य अंधत्व’ असा करता येईल. त्यांच्या प्रयोगात पाहणाऱ्याला एक फुली क्षणभर दाखवीत आणि तिची आडवी रेघ मोठी की उभी, हे विचारीत. दोन-तीन वेळा असे झाल्यावर फुलीबरोबर न सांगता एक लहान आकृतीही दाखवीत. सुमारे चतुर्थांश लोकांना ती दिसली नाही. मग संशोधकांनी फुली बाजूला सरकविली आणि ती आकृती नेमकी नजरेच्या केंद्रस्थानी आणून ठेवली. आता तरी ती सर्वांना दिसेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. झाले उलटेच! न पाहणारांचे प्रमाण घटण्याऐवजी निम्म्याच्या पुष्कळच वर गेले. लक्ष बाजूला गेलेले असल्यामुळे नजर जिथे रोखलेली होती तिथेच अंधार पडला. एक अपवाद मात्र लक्षणीय ठरला. त्या आकृतीच्या जागी पाहणाऱ्याचे स्वतःचे नाव लिहिलेले असले, की ते बहुधा निसटत नसे. याचा अर्थ असा की, ज्याकडे लक्ष नाही त्याचीही मन कोठेतरी खोलवर थोडीफार छाननी करीत असते, आणि त्यातून फारच थोडे वर येऊ देते.

या विषयातील सर्वांत गाजलेला प्रयोग डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांचा. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. पांढरे सदरे घातलेले तीन आणि काळे सदरे घातलेले तीन खेळाडू आपापसांत बास्केटबॉलचा चेंडू फेकीत आहेत, असा एक छोटा चित्रपट त्यांनी तयार केला. एका संघाने चेंडू किती वेळा फेकला, हे प्रेक्षकांनी मोजावयाचे. मध्येच गोरिलाचा वेष घातलेली एक व्यक्ती त्या खेळाडूंमधून चालत जाते. चित्रपटाच्या एका आवृत्तीत तर ती मधोमध थांबून छाती बडविते. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना हा गोरिला दिसलाच नाही. नंतर तोच चित्रपट पुन्हा दाखविला, तेव्हा आपण हाच चित्रपट पाहिला होता यावर त्यांचा विश्वास बसेना.

या प्रयोगातील एक तपशील विशेष बोलका आहे. काळ्या सदऱ्यांकडे लक्ष देणाऱ्यांना तो काळा गोरिला अधिक वेळा दिसला. पांढऱ्या सदऱ्यांकडे पाहणाऱ्यांना कमी वेळा. पांढरे ते घ्यायचे आणि काळे ते सोडायचे, असा हुकूम मनाला मिळालेला होता. गोरिला काळा होता, म्हणून तोही त्या हुकुमाखाली सोडला गेला. शोध घेताना मन जणू एक चाळणी तयार करते. तिची भोके हव्या असलेल्या वस्तूच्या मापाने पाडलेली असतात. अनपेक्षित वस्तू किती मोठी, किती विचित्र आहे, याला तेवढे महत्त्व राहत नाही. ती त्या मापाशी किती जुळते याला महत्त्व येते. २००१ साली झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात काळ्या आणि पांढऱ्या आकृत्यांच्या पडद्यावरून एक लाल फुली पाच सेकंद सरकत गेली. तिच्यासारखा रंग आणि आकार त्या पडद्यावर दुसरा नव्हता, तरीही सुमारे तीस टक्के लोकांना ती दिसली नाही.

येथे कोणी म्हणेल, ही सगळी प्रयोगशाळेतील गंमत झाली. नवशिक्यांना असे फसविता येईल. ज्याचे आयुष्य पाहण्याच्या कामात गेले, तो फसणार नाही. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तरही प्रयोगानेच मिळाले आहे. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ या तिघांनी २०१३ साली चोवीस अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या सी. टी. स्कॅनच्या प्रतिमा तपासावयास दिल्या. कर्करोगाची शंका येईल अशा बारीक गाठी त्यांनी शोधावयाच्या होत्या. शेवटच्या रुग्णाच्या प्रतिमांमध्ये संशोधकांनी एका लहान गोरिलाचे चित्र मिसळून दिले. सर्वसाधारण गाठीच्या मानाने ते अठ्ठेचाळीस पट मोठे होते. चोवीसांपैकी वीस तज्ज्ञांना ते दिसले नाही. त्यांच्या नेत्रांच्या हालचालींची नोंदही घेतली होती. ज्यांना गोरिला दिसला नाही, अशा वीस जणांपैकी बारा जणांची नजर थेट त्याच्यावर पडलेली होती.

या तज्ज्ञांना अकुशल म्हणता येणार नाही. गाठी शोधण्यात ते सामान्य माणसांच्या कितीतरी पुढे होते. आणि ज्या सामान्य माणसांवर हाच प्रयोग केला, त्यांच्यापैकी एकालाही गोरिला दिसला नाही. अनुभवाने चाळणी अधिक बारीक आणि अधिक वेगवान होते. परंतु ती चाळणीच राहते.

फुप्फुसात गोरिला कधीच सापडणार नाही. तेव्हा तो न दिसल्याने कोणाचे काय बिघडले, असेही विचारता येईल. त्यासाठी २०२१ सालचा एक अभ्यास पाहिला पाहिजे. या वेळी छातीच्या स्कॅनमध्ये गोरिलाऐवजी खरोखरीची दुखणी होती : स्तनातील एक मोठी गाठ आणि सुजलेल्या लसिकाग्रंथी. तज्ज्ञांना फुप्फुसातील बारीक गाठी शोधण्याचे काम दिले होते. तीनांपैकी सुमारे दोघांना स्तनातील गाठ दिसली नाही, आणि दहांपैकी सुमारे तिघांना ग्रंथींची सूज दिसली नाही. मग दुसऱ्या तज्ज्ञांना तीच प्रतिमा देऊन, जे जे काही वावगे आढळेल ते सांगा, असे म्हटले. तेव्हा न दिसण्याचे प्रमाण अनुक्रमे तीन आणि दहा टक्क्यांवर आले. प्रतिमा तीच, आणि डोळेही त्याच तोडीचे. बदलला होता तो केवळ प्रश्न. रुग्णाच्या जिवाचा निवाडा काही वेळा तपासणीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या एका ओळीवर अवलंबून असतो, असा याचा अर्थ होतो.

आतापर्यंत जी वस्तू कोणी शोधीत नव्हते, तिच्याविषयी विचार झाला. पण जी वस्तू माणूस प्रत्यक्ष शोधीत असतो, तीही निसटते. आणि ती विरळा असली तर विशेषच निसटते. विमानतळावर सामानाच्या क्ष-किरण प्रतिमा पाहणारा कर्मचारी शस्त्र किंवा स्फोटक शोधीत असतो. हजारो पेट्या जातात, आणि त्यांत काही नसते. जेरेमी वुल्फ, टॉड होरोविट्झ आणि नाओमी केनर यांनी २००५ साली अशाच धर्तीचा एक प्रयोग केला. अनेक वस्तूंच्या गर्दीत एखादे हत्यार, म्हणजे हातोडी-पक्कडीसारखे साधन, आहे की नाही, हे पाहणाऱ्याने सांगावयाचे. निम्म्या चित्रांत हत्यार असे, तेव्हा ते सुमारे सात टक्के वेळा निसटे. दहांतून एका चित्रात असे, तेव्हा निसटण्याचे प्रमाण सोळा टक्के झाले. आणि शंभरांतून एकातच असे, तेव्हा ते तीस टक्क्यांवर गेले.

याचे कारण शोधणाऱ्याच्या आळसात नसून त्याच्या शहाणपणात आहे. शोध केव्हा थांबवावयाचा, हे प्रत्येक शोधकाला ठरवावेच लागते; कोणीही एका पेटीपुढे दिवसभर बसू शकत नाही. किती वेळ पाहिले असता पुरे, याचा अंदाज मन अनुभवावरून बांधते. ‘काही नाही’ हे उत्तर शेकडो वेळा बरोबर ठरले, म्हणजे मन ते उत्तर लवकर देऊ लागते. शिवाय एखादी वस्तू संशयास्पद वाटली, तरी ती खरोखर धोक्याची असण्याचा संभव कमी, असे धरून तिला सोडून देण्याकडे कल होतो. रोजच्या व्यवहारात हा हिशेब अगदी योग्य आहे. ज्या डोहात मासे नाहीत, त्या डोहात जाळे टाकीत कोणी बसत नाही. परंतु जिथे हजारांतील एकच गोष्ट प्राणघातक असते, तिथे हाच हिशेब महागात पडतो. स्तनांच्या कर्करोगाच्या चाळणी-तपासणीत हेच आढळले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही निवडक प्रतिमा रुग्णालयाच्या नेहमीच्या कामात, जिथे रोग विरळा असतो, गुपचूप मिसळल्या. त्यांतील रोगग्रस्तांपैकी तीस टक्के प्रतिमा तज्ज्ञांच्या नजरेतून सुटल्या. त्याच प्रतिमा निम्म्या रोगग्रस्त आणि निम्म्या निरोगी अशा एकत्र करून दाखविल्या, तेव्हा बारा टक्केच सुटल्या.

तिसराही एक प्रकार आहे. एक वस्तू सापडली, की दुसरी निसटते. मोडलेले हाड दिसले, की त्याच प्रतिमेच्या कोपऱ्यातील दुसरी विकृती नजरेआड होते. विल्यम टडनहॅम या क्ष-किरणतज्ज्ञाने १९६२ साली याकडे लक्ष वेधले, आणि या प्रकाराला ‘शोधतृप्ती’ या अर्थाचे नाव पडले. काही सापडल्याचे समाधान झाले, की मन शोध आवरता घेते, अशी त्याची कल्पना होती. पुढील संशोधनाने यात भर घातली आहे. समाधान हे एकच कारण नसून, पहिली वस्तू सापडल्यावर मन तिच्यात गुंतून राहते आणि तिच्यासारख्याच वस्तूंकडे ओढले जाते, असे आता दिसून आले आहे. मुद्देमालातील एक चोरटी वस्तू हाती लागली की दुसरी तशीच राहून जाते, त्याचेही मूळ येथेच असावे.

आणि या सर्वांच्या जोडीला थकवा असतोच. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन् तास नजर ठेवणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या सैनिकांकडून क्षीण खुणा निसटू लागल्या. त्यावरून नॉर्मन मॅकवर्थ याने केंब्रिजमध्ये एका घड्याळवजा यंत्रावर प्रयोग केले, आणि ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. त्या यंत्राचा काटा एकसारख्या उड्या घेत फिरे, आणि क्वचित एखादी उडी दुप्पट असे. ती दुप्पट उडी तेवढी टिपावयाची. कामाला लागल्यापासून अर्ध्या तासातच टिपणाऱ्यांची अचूकता घसरू लागली. पहारेकरी जागा होता, प्रामाणिक होता; पण काहीच न घडणाऱ्या गोष्टीवर अखंड लक्ष ठेवणे मनुष्याच्या स्वभावाला मानवत नाही.

हा विषय वैद्यांच्या आणि पहारेकऱ्यांच्या कामापुरता नाही. न्यायाशीही त्याचा संबंध पोचतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात जानेवारी १९९५ मध्ये एका रात्री एक पोलीस शिपाई पळणाऱ्या संशयिताच्या मागे धावत होता. जवळच इतर काही पोलीस आपल्याच एका सहकाऱ्याला, तो गुन्हेगार आहे असे समजून, मारहाण करीत होते. ती मारहाण मी पाहिली नाही, असे त्या शिपायाने साक्षीत सांगितले. ज्यूरीला ते अशक्य वाटले. खोटी साक्ष दिल्याबद्दल १९९८ साली त्याला शिक्षा झाली; पुढे कित्येक वर्षांनी, पुराव्यासंबंधीच्या निराळ्या कारणावरून, ती रद्द झाली. २०११ साली सायमन्स, शॅब्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रसंगासारखा एक प्रयोग केला. धावणाऱ्या एका माणसाच्या मागे धावावयाचे आणि तो डोक्याला किती वेळा हात लावतो ते मोजावयाचे. वाटेत रस्त्याच्या कडेला तिघांनी मारामारीचे नाटक केले. रात्रीच्या वेळी सुमारे एकतृतीयांश लोकांनाच ती मारामारी दिसली. भर दिवसासुद्धा निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांना दिसली. त्या शिपायाने त्या रात्री काय पाहिले, हे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. पण ‘ते न दिसणे अशक्यच होते’ हे म्हणणे टिकत नाही, एवढे निश्चित सिद्ध होते. साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाचा निर्णय करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

मात्र अनवधानामुळे न दिसलेली वस्तू मनापर्यंत मुळीच पोचत नाही, असेही मानण्याचे कारण नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ‘मला काही दिसले नाही’ असे म्हणणाऱ्यांनाच त्या वस्तूचा रंग किंवा तिची जागा अंदाजाने सांगावयास लावली. त्यांची उत्तरे निव्वळ नशिबाने येतील त्याहून अधिक वेळा बरोबर आली. म्हणजे पूर्ण प्रकाश आणि पूर्ण अंधार यांच्या मध्ये संधिप्रकाशाचा एक पट्टा असतो. त्या पट्ट्यातून काहीतरी गेल्याची अस्पष्ट चाहूल लागते; पण माणूस तिच्यावर विश्वास टाकीत नाही, आणि विचारले असता ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

यावर उपाय काय? ‘नीट लक्ष द्या’ हा उपदेश सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी आहे. गोरिला न पाहणारे लक्ष देतच होते. किंबहुना ते फार लक्ष देत होते. कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसावे, एवढ्यावर सुरक्षितता सोपविणे शहाणपणाचे नाही. कामाची पद्धतच अशी आखली पाहिजे की, अवधानाच्या ज्ञात उणिवा तिच्यात भरून निघतील.

विमानतळांवर हे काही प्रमाणात केले जाते. खऱ्या सामानाच्या प्रतिमांमध्ये अधूनमधून शस्त्रांच्या कृत्रिम प्रतिमा मिसळतात. त्यामुळे कर्मचाऱ्याच्या दृष्टीने शस्त्र ही विरळा वस्तू राहत नाही, आणि चूक झाली तर ती तत्काळ कळते. वैद्यकात एकच प्रतिमा दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे पाहण्याची पद्धत काही देशांत आहे. काय काय पाहावयाचे याची यादी करून, एक सापडले तरी यादी संपेपर्यंत न थांबण्याची शिस्त ही शोधतृप्तीवरची मात्रा आहे. आधी ठरावीक प्रश्नाचे उत्तर शोधावे, आणि नंतर तो प्रश्न बाजूला ठेवून केवळ ‘आणखी काय आहे?’ असे विचारीत दुसऱ्यांदा पाहावे, हा २०२१ सालच्या अभ्यासातून निघणारा धडा.

रेल्वेच्या जगात तर हे फार पूर्वीपासून जाणलेले आहे. जपानमध्ये आगगाडीचे चालक प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवितात आणि त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तेथील रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली केलेल्या चाचणीत, साध्या कामातील चुका या रीतीने सुमारे एकषष्ठांशावर आल्या. आपल्या देशातही धावत्या गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा साहाय्यक पुढील सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. बाहेरून पाहणाराला हा पोकळ विधी वाटेल. वास्तविक त्यात नजरेला हाताची आणि वाणीची जोड मिळते, मनाला क्षणभर त्या एकाच वस्तूपाशी यावे लागते, आणि एकाचे निसटले तर ते दुसऱ्याच्या ध्यानात येते.

रस्त्यावरून वाहन हाकणाऱ्यालाही यातून घेण्यासारखे आहे. ‘मी पाहिले होते, पण सायकलवाला दिसला नाही’ हे अपघातानंतरचे वाक्य नेहमी खोटे असते असे नाही. चौकात येताना मोटारी आणि ट्रक शोधण्याची सवय झालेली नजर सायकलवरून जाऊन परत येऊ शकते. तेव्हा चौकात एकदा पाहून न थांबता, आता पायी चालणारा किंवा सायकलवाला आहे का, असा निराळा प्रश्न मनाशी धरून पुन्हा एकदा पाहणे, हा साधा नियम एखाद्याचा जीव वाचवू शकेल.

एवढे सारे समजल्यावरही गोरिला न दिसण्याचा संभव उरतोच; अवधानाची मर्यादा ज्ञानाने नाहीशी होत नाही. परंतु दोन गोष्टी मात्र साध्य होतात. आपल्याला सर्व काही दिसते, हा भ्रम थोडा सैल होतो, आणि म्हणून जिथे चूक घातक असते तिथे माणूस दुसऱ्या डोळ्यांची आणि ठरलेल्या रीतीची मदत घेण्यात कमीपणा मानीत नाही. आणि ज्याला समोरचे दिसले नाही, त्याच्यावर आळशीपणाचा किंवा लबाडीचा आरोप ठेवण्यापूर्वी, त्या वेळी तो काय शोधीत होता, हे विचारण्याची बुद्धी होते. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे चूक का घडली, हे बहुतेक वेळा समजते. आणि ती पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, हेही त्यातूनच सापडते.